दसऱ्यानंतरचा जिताडा

दसऱ्याला दुपारी श्रीखंड-पुरी खाऊन घरातले सगळे लवंडले होते. तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. अण्णा म्हणजे माझे सासरे. फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून ते फोन उचलत नव्हते. फोन शेजारी वाजत असला तरी भिंतीकडे बघत बसायचे. शेवटी मीच उचलला.

"पास्कल बोलतंय, मनोरीवरनं. पानी निवळलं, जिताडा लागाया लागला. म्हाताऱ्याला घेऊन ये."

पास्कल अंकल हे अण्णांचे चाळीस वर्षांचे दोस्त. गिरणी चालू होती तेव्हाही आणि गिरणी बंद पडून साकीनाक्याला वॉचमनची नोकरी धरली तेव्हाही, अण्णा सुट्टीच्या दिवशी गरी आणि दोरी पिशवीत टाकून मनोरीला गरवायला जायचे. गरवणं म्हणजे गळाने मासे पकडणं, आणि जिताडा म्हणजे खाडीतला मोठा, चवीला नावाजलेला मासा. मी मुलुंडची, वरणभात आणि अळूच्या फदफद्यावर वाढलेली. लग्नानंतर मासे खायला शिकले, पण मासा पाण्यात कसा असतो ते कधी पाहिलं नव्हतं.

मी अण्णांना निरोप सांगितला. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "ह्या हातान काय गरवतलंय मी?" आठ महिन्यांत ते एका दमात एवढं बोलले नव्हते. मी तिथल्या तिथे ठरवलं.

संदीप, माझा नवरा, भडकलाच. "तुला वेड लागलंय का गं? होडीत तोल गेला तर वाट लागेल त्यांची."

"आणि इथे सोफ्यावर काय वेगळं चाललंय?"

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"चालू-फिरू द्या म्हणाले होते. आपणच बसवून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात जाऊन मात्र दोन नारिंगी लाइफ जॅकेटं घेऊन आला. शाळेतून चार दिवसांची रजा मिळाली, ती आठवीचे गणिताचे पेपर तपासून आणायच्या अटीवर. तो गठ्ठाही पिशवीत गेला.

एकादशी, मार्वेचा धक्का

आमच्या बोरिवलीहून मनोरी नकाशात बोटभर अंतरावर दिसते. जमिनीवरून जायचं तर भाईंदरला वळसा घालावा लागतो, म्हणून लोक मालाडच्या मार्वे धक्क्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडतात. मला वाटलं होतं, बोट म्हणजे बाकड्यांवर बसून जायचं. इथे आम्हा दोघांबरोबर सात-आठ स्कूटर, दोन गॅस सिलिंडर, एक नवंकोरं कपाट आणि कपाटाला मिठी मारून उभा असलेला त्याचा मालकही चढला.

धक्क्याच्या पायऱ्या शेवाळाने गुळगुळीत झाल्या होत्या. अण्णा काठी टेकत उतरायला लागले तशी दोन अनोळखी माणसं पुढे झाली आणि त्यांनी अण्णांना दोन्ही बगलांत धरून जवळजवळ उचलूनच बोटीत ठेवलं. अण्णांचा चेहरा लाल झाला. "माका काय पार्सल समजलास काय रे?" ते ओरडले. त्यातला एक जण हसून म्हणाला, "पार्सल नाय काका, व्हीआयपी!" बोटीतले सगळे हसले. अण्णा हसले नाहीत, पण पाण्याकडे तोंड करून उभे राहिले आणि पलीकडचा किनारा येईपर्यंत बसले नाहीत. पाणी हिरवट होतं. पावसाळ्यात हीच खाडी चहासारखी तपकिरी असते म्हणे.

मनोरी मुंबईतच आहे यावर विश्वास बसायला मला दिवस लागला. वळणावळणावर क्रूस, त्यांना झेंडूचे हार. नारळी, उतरत्या कौलांची घरं, ओट्यावर जाळं शिवत बसलेली माणसं. किनाऱ्याच्या बाजूला बांबूच्या आडव्या वलांडींवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळत घातलेले, आमच्या सोसायटीत गच्चीवर कपडे घालतात तसे. वासाने पहिली पाच मिनिटं माझे डोळे पाणावले. सहाव्या मिनिटाला भूक लागली.

पास्कल अंकल दारातच उभे होते. सत्तरी ओलांडलेले, काटक, गळ्यात क्रूस, कमरेला चौकडीची लुंगी. त्यांनी अण्णांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आठ महिने कुठं मेलता?"

"मरत होतंय म्हणानच इलंय नाय," अण्णा म्हणाले.

"मेला नाय ना? मंग बस."

त्यांच्या बायकोने, आग्नेस आंटीने, मला पाणी दिलं आणि अण्णांसमोर कोळंबीचं पातेलं आदळलं. "नुसतं बसून खायाचं नाय या घरात. सोल."

मी घाईघाईने म्हणाले, "आंटी, त्यांचा हात..."

"दुसरा हाय ना?"

अण्णांनी एका हाताने कोळंबी सोलायला घेतली. पहिली तुकडे होऊन पडली, दुसरी उडून माझ्या पेपरांच्या गठ्ठ्यावर गेली. तासाभरात निम्मं पातेलं झालं. आमच्या घरी त्यांना पाण्याचा तांब्याही कोणी उचलू देत नव्हतं.

जेवणात बाटली मसाल्याचं कोळंबीचं कालवण, भात आणि तांदळाच्या जाड, मऊ भाकऱ्या. हा मसाला इथल्या घराघरांत उन्हाळ्यात कुटून काचेच्या बाटल्यांत भरतात. चव एकदम वेगळी, आधी गोडसर आणि मग कानामागे घाम. अण्णा दोन घास खाऊन म्हणाले, "तिरफळ नाय. कोकम नाय. ही काय कढी?" आणि तिसऱ्यांदा वाढून घेतली. नेमका तेव्हाच मुलुंडहून आईचा फोन आला. "आज एकादशी, मासेबिसे नाही ना खाल्लेस?" मी म्हणाले, "भात." भात होताच की पानात.

संध्याकाळी ओट्यावर बसून अंकलनी मला समुद्राचं कॅलेंडर समजावलं. श्रावणात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या सुटतात, पण तेव्हा पाणी गढूळ आणि खवळलेलं, गळाला काही लागत नाही. भाद्रपदात बांगडा येतो. नवरात्रात पावसाचं गोडं पाणी ओसरतं, खाडी खारट होते, निवळते, आणि जिताडा तिवरांतून बाहेर यायला लागतो. दसरा ते दिवाळी त्याचे दिवस. दिवाळीनंतर थंडी धरली की रावस आणि बाहेर खोल पाण्यात सुरमई.

"यंदा कसं आहे?" मी विचारलं.

"यंदा पाऊस लांबला. म्हनून जिताडा पन उशिरा आयला. पन कोळंबी पोटभर झाली खाडीत. खायाला हाय तर खानारा येतोच. यंदा मासा मोठा भेटनार, लिहून घे."

मी खरंच लिहून घेतलं, एका उत्तरपत्रिकेच्या मागे. मग ते भरतीचं गणित सांगायला लागले. "तिथीची पाऊनपट कर. उद्या द्वादशी. बाराची पाऊनपट किती?"

"नऊ."

"नऊ वाजता पूर्न भरती. मंग सुकती चालू, म्हंजे ओहोटी. सुकतीचा पहिला तास आपला."

वीस वर्षं गणित शिकवतेय, अपूर्णांकांचं इतकं कामाचं उदाहरण मला पुस्तकात सापडलेलं नाही.

द्वादशी, तिवरांत

सकाळी आठला आम्ही अंकलच्या छोट्या होडीत बसलो. मी आणि अण्णा नारिंगी जॅकेटांत. धक्क्यावरचे कोळी आमच्याकडे बघून हसत होते. अंकल म्हणाले, "त्यांना वाटतंय, गनपती बसलेत दोन."

खाडीच्या कडेने दोन्ही बाजूंना तिवरांचं रान. भरतीला झाडं गळ्यापर्यंत पाण्यात उभी असतात. मधूनमधून त्यांच्या मुळांतून ओहोळ खाडीत उतरतात. अंकलनी एका ओहोळाच्या तोंडाशी होडी बांबूला बांधली. कारण सोपं होतं. सुकती लागली की रानात शिरलेलं पाणी या ओहोळांतून बाहेर पडतं, बरोबर कोळंबी आणि बारके मासे येतात, आणि जिताडा तोंडाशी टपून बसतो, ऑफिस सुटायच्या वेळेला स्टेशनबाहेर वडापाववाला उभा राहावा तसा.

रॉड-बीड काही नव्हतं. लाकडी तुकड्याला गुंडाळलेली जाड तंगूसची, म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला शिसं आणि गरी, गरीला जिवंत कोळंबी. दोरी बोटावर घ्यायची आणि वाट बघायची.

पहिला मासा मलाच लागला. मी किंचाळत ओढला. राखाडी, मिशाळ, ओंगळ दिसणारा शिंगाळा. आनंदाच्या भरात मी त्याला हातात धरलं आणि त्याच्या पंखाचा काटा थेट तळव्यात गेला. अशी कळ आली की मी मुलुंडच्या माहेराला शोभणार नाहीत असे दोन शब्द बोलले. अंकलनी निमूटपणे थर्मासमधला गरम चहा कपात ओतला, जरा सोसेल इतपत निवू दिला आणि माझा हात त्यात बुडवला. "गरम लागलं की जहर उतरतं," ते म्हणाले. उतरलंही हळूहळू. चहा मात्र वाया गेला याचं त्यांना फार वाईट वाटलं.

या सगळ्या गोंधळात अण्णा दोरीवरच लक्ष ठेवून होते. सवयीने त्यांनी दोरी उजव्या हातात घेतली होती. साडेनवाच्या सुमारास ती दोरी अशी ताणली गेली की होडी हलली. अण्णा ताठ झाले. "लागलो! लागलो रे पास्कल!"

पाण्यात लांब एक चंदेरी पाठ वर आली आणि आपटली. इतका मोठा मासा मी जिवंत कधीच पाहिला नव्हता. अण्णांनी ओढायला हात मागे घेतला, पण बोटं मिटली नाहीत. दोरी उघड्या तळव्यावरून सरसरत गेली. लाकडी तुकडा त्यांच्या पायाशी दोनदा उडाला आणि होडीवरून पाण्यात गेला. अंकलनी झेप घातली तोवर उशीर झाला होता.

अण्णा आपल्या हाताकडे बघत होते. तळव्यावर लाल रेघ उठली होती. त्यांनी तो हात जॅकेटच्या आत घातला, जसा काही तो कोणाला दिसायला नको.

"घराक जावया," ते म्हणाले.

"मनोरीच्या घरी ना?" मी विचारलं.

"बोरिवलेक."

त्या दुपारी ते जेवले नाहीत. बॅग भरून दाराशी ठेवली. त्यांना उठवून आणण्यात आपलं चुकलं का, हा विचार माझं डोकं पोखरत होता. संदीपचा फोन आला तेव्हा मी खोटं बोलले, "मजेत आहेत." मग ओट्यावर बसून पेपर तपासायला घेतले आणि एका मुलाच्या बरोबर गणिताला चूक दिली. खोडून पुन्हा गुण दिले.

शेवटी अंकल अण्णांच्या शेजारी जाऊन बसले. "जा तू," ते म्हणाले. "पन परवा जा. मला तुज्या सुनेला खाडी दाखवायची हाय. ती काय तुज्यासारखी रडकी नाय." बॅग दाराशीच राहिली.

त्रयोदशी, गोराईच्या अंगाला

सकाळी मी आणि अंकल दोघंच निघालो. गोराईच्या बाजूला खाडी रुंद होते आणि पॅगोडाचं सोनेरी टोक झाडांवरून दिसतं. पलीकडे बोरिवलीच्या इमारतींची रांग. त्यातल्या एका इमारतीत माझं घर होतं, गॅसवर दूध ठेवून संदीप विसरला असणार होता, आणि मी इथे बगळ्यांच्या मध्ये दोरी धरून बसले होते. मला इतकं हलकं वाटलं की अपराधी वाटायला हवं हे मी विसरूनच गेले.

बगळे, खंड्या, चिखलावर तुरुतुरु पळणारे, एकच नांगी मोठी असलेले खेकडे. अंकल नावं सांगत होते. मध्येच म्हणाले, "तुजा सासरा नवीन हाय या हाताला. आपन तरी काय, वल्ही मारायला शिकलो तेवा दहा वेळा पान्यात पडलो."

पावणेदहाची भरती झाली आणि पाणी फिरलं. अर्ध्या तासाने माझ्या बोटावर टकटक झाली. या वेळी मी किंचाळले नाही. अंकल म्हणतील तशी दोरी घेत गेले. तांबूस सोनेरी रंगाचा, वीतभर लांब मासा वर आला. तांब. अंकलनी गरी काढली आणि तो माझ्या हातात नीट कसा धरायचा ते दाखवलं. तो मासा ओल्या साबणासारखा गार आणि जड होता. त्याचा फोटो मी सगळ्यांना पाठवला. आईने उत्तर दिलं, "छान. आता सोडून दे त्याला." मी सोडला नाही.

दुपारी परत आलो तर गल्लीत आरडाओरडा चालू. पुढे जाऊन बघते तर अण्णा गल्लीच्या मध्ये उभे, डाव्या हातात दोरी. टोकाला गरी नव्हती, नुसतं शिसं. ते शिसं डाव्या हाताने फिरवून समोरच्या बादलीत टाकायची प्रॅक्टिस चालली होती. सकाळपासून. एक नेम शेजारच्या बाईंच्या वाळत घातलेल्या गाऊनमध्ये बसला होता. दोरी ओढताच गाऊन, दोन टॉवेल आणि अख्खी कपड्यांची दांडी खाली आली होती. त्या बाई कमरेवर हात ठेवून अण्णांना फैलावर घेत होत्या.

"काका, मासा पाहिजे तर खाडीत जा ना! माझा गाऊन कशाला?"

"गाऊन बरो वजनदार आसा," अण्णा गंभीरपणे म्हणाले.

आग्नेस आंटी ओट्यावर बसून डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होती. तिने मला हळूच सांगितलं की सकाळी आम्ही गेल्यावर अण्णांनी स्वतःहून कोळंबीचं पातेलं ओढून घेतलं. सोलून झाल्यावर गरी बांधायला बसले. गाठीचं एक टोक दातात, एक डाव्या हातात. अठरा वेळा सुटली म्हणे. एकोणिसाव्या वेळी बसली.

मी तांब दाखवला. अण्णांनी तो उलटापालटा करून पाहिला. "बरो आसा," ते म्हणाले. "पण बारको."

बॅग दारातून उचलून मी आत नेऊन ठेवली.

चतुर्दशी, ओहोळाच्या तोंडाशी

चौदाची पाऊणपट साडेदहा. पौर्णिमा जवळ आल्याने पाणी चढलंही खूप होतं आणि उतरायलाही जोरात लागलं. ओहोळातून पाणी खळखळत बाहेर येत होतं, त्यात कोळंबी चमकत होती. जागा परवाचीच. अण्णांनीच तिथे थांबायला सांगितलं.

आज त्यांनी दोरी डाव्या हातात धरली होती आणि उजवा हात कोपरात वाकवून दोरी त्यावरून घेतली होती. बोटं मिटत नसली तरी कोपर वाकतं. लाकडी तुकड्याला अंकलनी एक सुतळी बांधून ती होडीच्या फळीला बांधून टाकली होती. "परवाचा माझा तुकडा नेलास, आता होडी घेऊन जा," ते पाण्यातल्या माशाला म्हणाले.

अकरा वाजले. सव्वाअकरा. ऑक्टोबरचं ऊन डोक्यात टोचायला लागलं. नारिंगी जॅकेटात मी वाफेवरचा मोदक झाले होते. अंकलना एक शिंगाळा लागला, त्यांनी तो शिव्या देऊन सोडला. मला काहीच नाही.

"पानी अजून तासभर हाय," अंकल म्हणाले.

"गप रव," अण्णा म्हणाले. त्यांचं लक्ष दोरीवर होतं. "तो थयसर आसा."

"कोण?"

उत्तर यायच्या आत दोरी सुटली. सुतळीला बांधलेला तुकडा फळीवर थाडथाड आपटत फिरायला लागला. अण्णांनी डावा हात आवळला, दोरी उजव्या कोपरात अडकली आणि त्यांचं अख्खं शरीर पुढे खेचलं गेलं. मी मागून त्यांचं जॅकेट धरलं.

"जॅकेट नको, दोरी धर गो! दोरी!"

मी त्यांच्या मागून दोरी पकडली. तळव्यातला शिंगाळ्याचा काटा अजून ठणकत होता, पण त्या क्षणी मला तो हात माझा वाटतच नव्हता. मासा तिवरांच्या मुळांकडे सुटला. मुळांत शिरला की दोरी तुटणार, हे मलाही कळत होतं. अंकलनी बांबूची गाठ सोडली, वल्ह्याने होडी उलट्या बाजूला फिरवली. "पास्कल, भायर! भायर घे!" अण्णा ओरडत होते. "वृंदा, सोड जरा... आता ओढ! ओढ! सोड!"

"एकदा ठरवा ना, अण्णा!"

"तो ठरयतलो, मी नाय!"

मासा एकदा उसळून पूर्ण पाण्याबाहेर आला. रुंद, चांदीसारखा, डोळा लाल अंगारासारखा. तोंड उघडून त्याने डोकं झटकलं आणि मला वाटलं, गेला. दोरी सैल पडली. अण्णांचा चेहरा क्षणभर परवासारखा झाला. मग दोरी पुन्हा ताणली. तो होडीकडे वळला होता, एवढंच.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मला तासभर वाटला. अंकल म्हणतात, दहा मिनिटं. अण्णा एक हात ओढायचे, कोपरात अडकवायचे, मी मागून ताण धरायची, पुन्हा ते एक हात ओढायचे. ते धापा टाकत होते. मी म्हणाले, "द्या माझ्याकडे, मी ओढते." त्यांनी मान वळवून माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाही.

शेवटी तो होडीशेजारी कुशीवर पडला, दमलेला. अंकलनी हातजाळं खाली घातलं. पहिल्यांदा तो जाळ्यात मावलाच नाही, अर्धा बाहेर. दुसऱ्यांदा अंकल आणि मी मिळून जाळं उचललं आणि तो धाडकन होडीत, थेट माझ्या पायांवर पडला. "कल्ल्याला हात लावू नको, ब्लेड असतं!" अंकल ओरडले.

अण्णा फळीवर बसले. घामाने भिजलेले, उजव्या कोपरावर दोरीचे वळ. ते त्या जिताड्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. मी सासरी आल्यापासून त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. मोठ्याने, तोंड उघडून, खोकला येईपर्यंत. अंकलही हसायला लागले. मी रडत होते की हसत होते, मला माहीत नाही. पलीकडून जाणाऱ्या एका होडीवाल्याने हाक मारली, "काय जाला रं?" अण्णांनी डाव्या हाताने मासा दाखवला. उचलता येत नव्हता, म्हणून नुसतं बोट दाखवलं.

धक्क्यावर कोळ्यांनी घेराव घातला. सव्वासात किलो, काट्यावर. अण्णांनी तिथेच उभं राहून सगळी हकिगत सांगितली. त्यात अंकलनी होडी कशी फिरवली ते होतं, मी दोरी कशी धरली ते होतं. "सून नसती तर मासो गेलो होतो," ते म्हणाले आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लाजले.

घरी आग्नेस आंटी कोयत्याने तुकड्या करायला बसली. पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, निघाली नाही म्हणून अण्णा हळहळले, पण डोकं कालवणाला आणि मधल्या तुकड्या तळायला हे त्यांनीच ठरवून दिलं. तुकड्या मीठ-हळद लावून ठेवल्या आणि अण्णांनी आंटीला दुसऱ्यांदा गोष्ट सांगितली. या वेळी मासा दहा किलोचा झाला. पास्कल अंकलनी वल्हं मारलं, पण जरा उशिराच. आणि मी होते, पण मागे बसले होते, जॅकेट धरून.

एवढ्यात संदीप आला. मी धक्क्यावरून पाठवलेला जिताड्याचा फोटो पाहून राहवेना म्हणून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून फेरीने आला होता. दारात उभा राहून तो अण्णांकडे बघतच राहिला. अण्णा चटईवर मांडी घालून बसलेले, शर्टावर खवले, समोर तळलेल्या तुकडीचं ताट, आणि आवाज चढलेला.

"बस रे, बस," अण्णा म्हणाले. "ऐक."

आणि त्यांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. खाडी होती, सुकती होती, ओहोळ होता. मासा आता बारा किलोच्या घरात गेला होता आणि तो होडी ओढत गोराईपर्यंत घेऊन गेला होता. पास्कल अंकल किनाऱ्यावर राहिले होते, त्यांचं पोट बिघडलं होतं म्हणे. अंकलनी ताटातून मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मी कान देऊन ऐकत होते. या खेपेला होडीत मी नव्हतेच.

"मग?" संदीपने विचारलं.

"मगे काय? एकटोच होतंय," अण्णा म्हणाले. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून सगळ्यांना दिसेल असा ताटाच्या वर धरला. "ह्या हातान काढलो."

मी आंटीकडून आणखी एक तुकडी मागून घेतली.